ग्रेडर काकाजी

यवतमाळात आमच्या भागातल्या किराणा दुकानावर तीन प्रकारची माणसं येतात. काही भाव विचारून वस्तू घेतात, काही भाव विचारून निघून जातात. तिसऱ्या प्रकारात एकच माणूस आहे आणि तो भाव विचारतच नाही. तो पाकीट हातात घेतो, उलटं करतो, खिशातून भिंग काढतो आणि वाचायला बसतो. त्याचं वाचन होईपर्यंत मागच्या गिऱ्हाइकांनी काय करायचं, हा प्रश्न दुकानदारानं बाहेर एक बाकडं टाकून सोडवला आहे. त्या बाकड्यावर बसून माझं जेवढं शिक्षण झालं तेवढं कॉलेजात झालं नाही.

या गृहस्थांना सगळे ग्रेडर काकाजी म्हणतात. पांढरा पायजमा-सदरा, उन्हाळ्यात कानाला गुंडाळलेला दुपट्टा, नाकावर लांबचा चष्मा, कपाळावर जवळचा चष्मा आणि खिशात भिंग. एवढी हत्यारं घेऊन माणूस सराफाकडे गेला असता तर शोभलं असतं. काकाजी ती पाच रुपयांच्या चॉकलेटवर चालवतात.

हे वेड समजायचं तर काकाजींची नोकरी समजली पाहिजे. १९७२ साली, आपल्याच जिल्ह्याचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस विकायचा तो पणन महासंघालाच, आणि त्याची प्रत ठरवायची ती ग्रेडरनं. काकाजी पुढे त्या महासंघात ग्रेडर झाले. संकलन केंद्रावर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागायची, माणसं बंडीखालीच झोपायची, आणि ग्रेडरच्या एका भुवईवर कुणाच्या पोरीचं लग्न यंदा की पुढच्या साली हे ठरायचं. काकाजी वरचा कापूस कधीच बघत नसत. कोपरापर्यंत हात बंडीत खुपसायचा, तळातला पुंजका काढायचा, दोन बोटांत धरून धागा ओढायचा, ओल किती, कवडी म्हणजे डागाळलेला कापूस किती ते बघायचं आणि निकाल द्यायचा. त्यांचं एकच सूत्र होतं, आणि ते आजही दिवसातून एकदा तरी ऐकू येतं: "वरचा कापूस दाखवाचा असते, खालचा विकाचा."

योजना गेली, बंड्या गेल्या, काकाजी निवृत्त झाले. बोटं मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. काही वर्षं त्यांनी सोसायटीच्या गाद्या, उशा, लग्नातल्या टॉवेल-टोप्या यांवर गुजराण केली. एकदा तर आहेरात आलेल्या उपरण्याचा धागा भर मांडवात ओढून बघितला, तेव्हापासून व्याह्यांकडचं येणं-जाणं थोडं कमी झालं आहे. मग नातू शाळेत जायला लागला, रोज संध्याकाळी एक चॉकलेट मागायला लागला, आणि काकाजींना नवी बंडी मिळाली.

"काकाजी, पाच रुपयाचं तं चॉकलेट हाये," दुकानदार पहिल्या दिवशी म्हणाला.

"पाच रुपयाचं म्हून काय झालं? ग्रेड तं लागते ना!"

आणि काकाजींनी वेष्टनाची पुढची बाजू, म्हणजे दुधाचे दोन ग्लास, खदाखदा हसणारं मूल आणि सोनेरी अक्षरं, अंगठ्यानं झाकून टाकली. तो दाखवायचा कापूस. पाकीट उलटं केलं. मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखी अक्षरं भिंगाखाली धरली आणि बाकड्यावरच्या आम्हा सर्वांना उद्देशून पहिला धडा दिला. घटकांची यादी कंपनीच्या मर्जीनं लागत नसते. बनवताना जे वजनानं सगळ्यांत जास्त पडलं ते आधी, मग त्याहून कमी, असा उतरता क्रम कायद्यानं ठरलेला आहे.

"वाच बे," ते नातवाला म्हणाले.

नातवानं वाचलं: साखर, दुधाचे घन पदार्थ, कोको बटर, कोको सॉलिड्स.

"म्हंजे पयला नंबर कोणाचा?"

"साखरेचा."

"आन् ज्याच्या नावानं पाकीट विकते तो कोको कितवा?"

"तिसरा आन् चौथा."

"मंग हे चॉकलेट नाही. हे कोको लावलेली साखर हाये. ग्रेड तीन." एवढं सांगून त्यांनी ते चॉकलेट विकत घेतलं आणि नातवाला दिलं. काकाजींचा हा स्वभाव लोकांच्या लक्षात यायला वेळ लागतो. ग्रेड कमी लावली म्हणून त्यांनी कुणाचा कापूस परत पाठवला नव्हता, आणि चॉकलेटही ते परत पाठवत नाहीत. फक्त घेणाऱ्याला कळलं पाहिजे की तो काय घेऊन राहिला आहे.

दुसरा प्रसंग बरणीचा. काऊंटरवर एक-एक रुपयाच्या गोळ्यांच्या बरण्या असतात. काकाजींनी एक गोळी उचलली, उलटी केली, सुलटी केली, भिंग लावलं. घटकच नाहीत. आम्हाला वाटलं आता अन्न व औषध प्रशासनाची गाडी येते. पण काकाजी शांत होते, कारण त्यांना नियम ठाऊक होता. ज्या वेष्टनाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणाची माहिती छापण्यातून सूट आहे. मात्र ती माहिती मोठ्या वेष्टनावर, म्हणजे बरणीवर किंवा खोक्यावर द्यावीच लागते.

"बरणी दाखव."

दुकानदारानं बरणी फिरवली. लेबलाच्या जागी भलताच कागद होता. लेबल सोलून त्यावर त्यानं उधारीचा हिशोब चिकटवला होता. काकाजींनी तो हिशोबही पूर्ण वाचला. त्यात माझं नाव कितव्या क्रमांकावर होतं हे इथे सांगण्याचं कारण नाही, पण उतरत्या क्रमाचा नियम तिथेही पाळला होता. तेव्हापासून त्या दुकानात बरणीचं लेबल कुणी सोलत नाही, आणि उधारी वहीत लिहिली जाते.

काकाजींचं तिसरं शास्त्र आकड्यांचं. घटकांच्या शेवटी कंसात जे नंबर असतात ते बघून पुष्कळ लोक घाबरतात. काकाजी उलट खुश होतात, कारण त्यांना त्या आकड्यांत आपला जिल्हा दिसतो. ३२२ म्हणजे लेसिथिन. चॉकलेटमधली चरबी आणि बाकीचा भुगा एकजीव राहावा म्हणून ते घालतात, आणि ते बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं; सोया तेल शुद्ध करताना ते वेगळं निघतं. "सोयाबीन आपलं, भाव त्यायचा," असं ते प्रत्येक ३२२ला म्हणतात. ४७६ म्हणजे लांबलचक नावाचा एक पायसकारक, जो एरंडेलापासून तयार होतो. वितळलेलं चॉकलेट साच्यात सरसर वाहावं आणि महागडं कोको बटर कमी लागावं म्हणून तो वापरतात. ही माहिती काकाजींनी शेजारच्या वहिनींना दिली तेव्हा त्यांनी पोराच्या हातातला तुकडा काढून घेतला. "चॉकलेटात एरंडेल? म्हून तं हा सकाळी दोनदा जाते!" मग काकाजींना बराच वेळ समजावत बसावं लागलं की प्रक्रियेनंतर त्यात एरंडेलाचा तो गुण उरत नाही, आणि पोरगं दोनदा जातं त्याला आदल्या रात्रीचे रोडगे कारणीभूत आहेत.

या शास्त्रानं खरा गोंधळ घातला तो आषाढी एकादशीला. गल्लीतल्या बायकांचा कडक उपवास होता आणि दुपारी चारच्या सुमाराला एकीनं पर्समधून चॉकलेटची वडी काढून सगळ्यांना एक-एक तुकडा दिला. दूध चालतं, साखर चालते, मग चॉकलेट का चालू नये? काकाजी ओसरीवर होते. त्यांनी वेष्टन मागितलं. सगळ्या जणी थांबल्या. साखर: चालते. दूध: चालतं. कोको: झाडाची बी, शेंगदाण्यासारखी सूट द्यायला हरकत नाही. आणि मग भिंग ३२२वर आलं.

"सोयाबीन," काकाजी म्हणाले. "द्विदल."

सात जणींचा उपवास एका आकड्यानं मोडला. त्या दिवशी काकूंनी काकाजींशी साबुदाण्याची उसळ वाढण्यापुरतंच बोलणं ठेवलं. पुढच्या एकादशीला मात्र एक गंमत झाली. त्याच बायकांनी दुकानात जाऊन, पाकिटं उलटी करकरून, लेसिथिन नसलेली वडी शोधून काढली. बाकड्यावर त्या दिवशी काकाजींनाच बसावं लागलं.

९०४ या आकड्यानं एका माळकरी बुवांना अडचणीत आणलं. चकचकीत चॉकलेटी गोळ्यांवर जी चमक असते ती कधी कधी ९०४ची, म्हणजे लाखेची असते. लाख हा किड्याचा स्राव. आपल्याकडच्या पळसावरही तो किडा बसतो. बुवांनी विचारलं, पाकिटावर हिरवा ठिपका कसा मग? काकाजींनी कायदा सांगितला: मांसाहारी कशाला म्हणायचं याच्या व्याख्येतून दूध, मध, मेण आणि लाख यांना वगळलं आहे. "कायदा म्हंते शाकाहारी. किड्याले कोणी विचारलं नाही." बुवांनी गोळ्या परत बरणीत टाकल्या. आता मांसाहारासाठी तपकिरी ठिपका नसून तपकिरी त्रिकोण असतो, रंग ओळखू न येणाऱ्यांना आकारावरून कळावं म्हणून, हेही काकाजींनी सांगितलं, पण बुवा तोवर चौकात पोचले होते.

वाढदिवसाला काकाजींना बोलवावं की नाही, यावर आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. एका केकवर 'चॉकलेट' म्हणून जे थापलं होतं त्याच्या पाकिटाचा तुकडा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून शोधून आणला. त्यावर शब्द होता 'चोको कंपाउंड'. मेणबत्त्या विझण्याआधी मुलांना ऐकावं लागलं की खऱ्या चॉकलेटची चरबी म्हणजे कोको बटर, आणि कंपाउंडात त्याच्या जागी स्वस्त वनस्पती तूप असतं. आपल्या कायद्यानं चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरी वनस्पतिजन्य चरबी पाच टक्क्यांपर्यंत घालायला मुभा आहे, पण तसं ठळक अक्षरांत लिहावं लागतं. युरोपातही मर्यादा पाचच टक्क्यांची, आणि तिथे कुठल्या चरब्या चालतील याची जी सहा नावांची यादी आहे तिच्यात पाम तेलाबरोबर आपलं कोकम, साल आणि आंब्याची कोय बसली आहे.

"आंब्याची कोय?" यजमानीणबाई न राहवून म्हणाल्या. "आम्ही तं फेकून देतो जी!"

"तुम्ही फेकता, थे लोक चॉकलेटात टाकतात," काकाजी म्हणाले, आणि केकचे दोन तुकडे खाल्ले. ग्रेड तीन म्हणून सांगत खाल्ले.

मे महिन्यात काकाजींचा आवाज चढतो. प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं: थंड व कोरड्या जागी ठेवा. यवतमाळात मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या आसपास खेळतो आणि कोको बटर चौतिसाच्या आसपास वितळतं, म्हणजे चॉकलेटला आमच्या गावात घट्ट राहायला दहा अंश जास्त होतात. काकाजींचं म्हणणं असं की ही सूचना लिहिणारा माणूस वऱ्हाडात कधी आला नाही. "इथं जी जागा थंड हाये थे कूलरसमोरची, आन् तिथं ओल हाये. जी कोरडी हाये थे गच्चीवरची, आन् तिथं पापड भाजते. थंड आन् कोरडी अशी एकच जागा, बँकेचं एटीएम. तिथं ठेवू का?"

या उन्हामुळे दुकानातलं चॉकलेट दुपारी वितळतं, रात्री गोठतं आणि त्याच्यावर पांढुरका थर येतो. लोक बुरशी समजून भांडायला येतात. इथे मात्र काकाजी दुकानदाराच्या बाजूनं उभे राहतात. तो थर बहुतेक वेळा वर आलेल्या चरबीचा असतो. चव आणि खुसखुशीतपणा जातो, पण त्यानं अपाय होत नाही. बुरशी केसाळ असते आणि तिला वास येतो. अळी असेल तर गोष्ट वेगळी. २००३ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या वड्यांमध्ये अळ्या सापडल्या होत्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं ते प्रकरण चव्हाट्यावर आणलं होतं. पुढच्या वर्षी कंपनीनं वेष्टन बदलून घट्ट सीलबंद केलं आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. काकाजी हा इतिहास सांगून शेवटी म्हणतात, "माणूस मोठा आणला थे ठीक, पन मले वेष्टन जास्त आवडलं."

घरात त्यांना तोलामोलाची एकच व्यक्ती आहे, त्यांची सून. ती शाळेत विज्ञान शिकवते. सासऱ्यांनी पोषणाच्या तक्त्यावर बोट ठेवलं की ती दुसरं बोट ठेवते. एकदा काकाजी विजयी मुद्रेनं म्हणाले, साखर फक्त सात ग्रॅम! सुनेनं वरची ओळ दाखवली: तो आकडा एका 'सर्व्हिंग'चा होता. सर्व्हिंग म्हणजे किती ते कंपनी ठरवते, आणि तिच्या मते माणूस वडीचे तीन तुकडे खाऊन उरलेली वडी शांतपणे कपाटात ठेवतो. "बाबा, आपल्या घरी असा कोणी आहे का?" काकाजींनी नातवाकडे बघितलं. नातू वेष्टन चाटत होता. तेव्हापासून काकाजी १०० ग्रॅमचाच रकाना वाचतात. दूध-चॉकलेटात तिथे निम्म्याच्या आसपास साखर निघते. आपल्याकडे लेबलावरची टक्केवारी दिवसाला २००० किलोकॅलरी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २२ ग्रॅम संपृक्त चरबी आणि २ ग्रॅम ट्रान्सफॅट या हिशोबानं काढतात. तो हिशोब मोठ्या माणसाचा आहे, पाचवीतल्या पोराचा नाही, हेही सुनेनंच दाखवून दिलं.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा डबा या दोघांनी मिळून घरातून हद्दपार केला. नातवाचं म्हणणं, डब्यावर उंच उडी मारणारा मुलगा आहे. सुनेचं म्हणणं, एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. काकाजींचं म्हणणं, "उडी तो पोट्टा साखरेनं मारून राह्यला."

बाकी वेळ काकाजी पत्रं लिहितात. प्रत्येक पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता असतो आणि त्यावर पोस्टकार्ड पाठवणारा भारतात बहुधा हा एकच ग्राहक उरला असावा. पत्राचा मजकूर ठरलेला: 'आपला माल मिळाला. अक्षर बारीक आहे. सुधारणा व्हावी. ग्रेड दोन.' एका कंपनीकडून आभाराचं छापील पत्र आणि भेट म्हणून चॉकलेटचा डबा आला. घरात आनंदीआनंद झाला. काकाजींनी डब्याची पाठ वाचली, मुदत संपायला सहा आठवडे उरलेत हे बघितलं आणि दुसरं कार्ड लिहिलं: 'जुना साठा पाहुण्याला देणे बरे नव्हे.' पुन्हा डबा आला नाही.

दिवाळीत पुण्याहून मुलानं आणलेला 'शुगर फ्री' चॉकलेटचा मोठा खोका ही काकाजींच्या कारकिर्दीतली सगळ्यांत कठीण बंडी. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे हा खोका खास त्यांचा. शंभर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच 'शुगर फ्री' म्हणता येतं, हे त्यांनी आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. यादी वाचली. साखर खरोखरच नव्हती. तिच्या जागी माल्टिटॉल. ग्रेड एक जाहीर झाली. चाळीस वर्षं जी माणसं काकाजींना ओळखत होती त्यांनी ग्रेड एक पहिल्यांदा ऐकली. त्या आनंदात अर्धा खोका एका बैठकीत संपला.

रात्री त्यांच्या घरचा मोरीकडचा दिवा काही विझला नाही. सकाळी सुनेनं खोक्याची दुमडलेली पट्टी उलगडली. आत लिहिलेलं होतं: पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात. दुसरा कुणी असता तर त्यानं कंपनीला शिव्या घातल्या असत्या. काकाजी भिंतीला धरून बाहेर आले, ओळ स्वतः भिंगानं वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "लिहिलं हाये ना! बरोबर लिहिलं हाये! वाचलं नाही मीनं. ग्रेड कायम." माल्टिटॉलनंही रक्तातली साखर वाढते, साखरेइतकी नाही एवढंच, हे डॉक्टरांनी त्यांना दुपारी सांगितलं. ते लेबलावर नव्हतं. त्याबद्दल कार्ड गेलं.

हसू आवरून एक गोष्ट सांगायची आहे. कॉटन मार्केटजवळ एकदा दारव्ह्याकडचे एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांनी काकाजींना ओळखलं. "तुम्ही माह्या कापसाले दोन नंबर देल्ला होता, जी. कवडी हाये म्हने." काकाजी म्हणाले, असेल तर दिला असेल. म्हाताऱ्यानं काकाजींच्या हातातलं बिस्किटाचं पाकीट आणि भिंग बघितलं, सगळा प्रकार विचारून घेतला आणि म्हणाला, "आमच्या बंडीत तुम्ही कोपरापासून हात घालत होते. आमी काही लिहून देत नव्हतो, तुम्हीच बगत होते. ह्या कंपनीच्या बंडीत कोन हात घालते?"

काकाजींना पटकन उत्तर सुचलं नाही, असं मी एवढ्या एकाच वेळी बघितलं. मग त्यांनी सांगितलं की अधिकारी दुकानांतून नमुने नेतात, प्रयोगशाळेत तपासतात, खोटं निघालं तर दंड होतो. पण रोजच्या रोज प्रत्येक पाकिटात हात घालणारा कुणी नाही. कंपनीच लिहिते आणि आपण वाचायचं. "आन् वाचनारे किती?" म्हातारा म्हणाला. काकाजींनी भिंग वर करून दाखवलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, "मंग करा बाप्पा बरोबर. आमच्या वेळी लय बारीक बगत होते."

आता काकाजींच्या व्यक्तिमत्त्वातला जो घटक अगदी आतल्या पट्टीवर लिहिलेला आहे तो सांगतो. काकाजी खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेल्यावर घोटून, साध्या पन्नीत गुंडाळून मिळणारा विदर्भाचा तो खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, कारखान्यातून निघणाऱ्या तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र छापावं लागतं, पण या पन्नीवर चित्र नाही, अक्षर नाही, ठिपका नाही आणि त्रिकोणही नाही. पाच रुपयांच्या चॉकलेटला भिंग लावणारा माणूस ही पन्नी डोळे मिटून तोंडात रिकामी करतो.

नातवानं विचारलंच. काकाजींनी बचाव तयार ठेवला होता. "याले लेबल कायले पाह्यजे? माह्यासमोर घोटते. घटक डोळ्यानं पाहतो. सुपारी, तंबाखू, चुना. उतरता क्रम. काई लपवलं का त्यानं?"

पोरगं काही बोललं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या आईचा आणि ग्रेडर आजोबाचा तो वारस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींच्या खिशातल्या पन्नीवर वहीच्या कागदाचं एक लेबल चिकटवलेलं होतं. सुवाच्य, मोठ्या अक्षरांत. घटक: सुपारी, तंबाखू, चुना. सर्व्हिंग: एक पन्नी, माणूस अर्धी खाऊन ठेवत नाही. ॲलर्जी: आजी. साठवण: गालात ठेवू नये. आणि सगळ्यांत खाली: एक्सपायरी, पुडीची नव्हे, खाणाऱ्याची.

काकाजींनी ते भिंगानं दोनदा वाचलं. घरातली सगळी माणसं दाराआडून बघत होती. शेवटी त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि निकाल दिला: "निव्वळ वजन लिहिलं नाही. ग्रेड दोन." नातवाचा चेहरा पडला. पण त्या दिवशी ती पन्नी उघडली नाही. खर्रा सुटला असं मी लिहिलं तर ती जाहिरात होईल. दिवसाला तीन पन्न्यांवरून एकावर आला आहे, आणि त्या एकाला नातू रोज लेबल लावतो, आता वजनासकट.

वाचकहो, भिंग विकत घ्या असं मी म्हणत नाही. पाकीट फक्त एकदा उलटं करा. पहिले तीन घटक वाचा, शंभर ग्रॅमच्या रकान्यात साखर बघा, 'चॉकलेट' लिहिलंय की 'चोको' ते बघा, दुमडलेली पट्टी उलगडा, आणि मग खुशाल खा. ज्या वस्तूवर वाचायला काहीच नसेल ती खाताना दोनदा विचार करा. आणि आमच्या काकाजींसारखा माणूस तुमच्या गल्लीत असेल तर त्याला बाकड्यावर जागा द्या. प्रत्येक गल्लीत असा एक माणूस पाहिजे. दोन झाले तर मात्र दुकान चालायचं नाही.